जीपचा उजवा हात

माझ्या उजव्या हातावर कोणीही विश्वास ठेवू नये, असं आमच्या ह्यांनी एकदा कल्याणच्या भर बाजारात ओरडून जाहीर केलं होतं. (डावा हात निर्दोष सुटला. तो तेव्हा भाजीची पिशवी धरून बसला होता.)

गोष्ट एकावन्न-बावन्न सालची. हे कल्याणात डॉक्टरकी करायचे. दवाखाना गावात, पण निम्मे पेशंट आसपासच्या खेड्यांत. तिकडे जायला वाहन म्हणजे सायकल. पावसाळ्यात तर सायकल ह्यांना नेत नसे, हेच तिला खांद्यावर घेऊन शेताच्या बांधावरून जायचे. बाळंतपणाचं बोलावणं आलं की हे पोचेपर्यंत बाळ जन्मलेलं असायचं, न्हाऊन-माखून झोपलेलं असायचं, आणि एकदा तर ह्यांच्या हातावर चक्क बारशाच्या घुगऱ्याच पडल्या!

अशात पुण्याहून थोरल्या दिरांचं पत्र आलं. "खेड्यापाड्यांत चिखल किती दिवस तुडवणार? इकडे ये, माझ्या दवाखान्यात बस. घरात दोन खोल्या रिकाम्याच आहेत."

त्या दोन खोल्यांच्या पलीकडे थोरल्या जाऊबाई होत्या. बाई तशा फार चांगल्या. पोळी किती पातळ लाटावी, निऱ्या किती घालाव्यात, हसताना दात किती दिसावेत, सगळं प्रेमानं सांगायच्या. लग्नानंतर चार महिने मी तिथे होते, आणि त्या चार महिन्यांत आज भाजी कुठली करायची हेही मी एकदा ठरवलं नाही. कल्याणचं आमचं बिऱ्हाड गळकं होतं, अंधारं होतं, पण तिथे सासूबाई आपल्या जपात असायच्या आणि मीठ मी माझ्या अंदाजानं घालत होते. मला पुण्याला जायचं नव्हतं. मुळीच नव्हतं!

आणि तेवढ्यात जीप आली.

लढाई संपल्यावर कल्याणजवळच्या छावणीतलं लष्करी सामान विकायला निघालं होतं. घरोघरी लष्करी कांबळी आली, पत्र्याचे मग आले, आमच्या शेजाऱ्यांनी तर मुलाची मुंज लष्करी तंबूत लावली. त्यातलीच एक जीप चार मालक करून ठाण्याच्या पास्कोल मिस्तरींच्या गॅरेजात येऊन पडली होती. ह्यांनी एकदा मिस्तरींच्या पायाचं गळू बरं केलं होतं. त्या प्रेमापोटी मिस्तरी स्वतः जीप घेऊन कल्याणला आले.

"डाक्टर, आठ दिस चालवून बगा," मिस्तरी म्हणाले. "चिखलान जाते, शेतान जाते, खाजनान जाते. नाय पटली त परत आना."

"आणि रस्त्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"जाते, रस्त्यावं पन जाते," मिस्तरी जरा विचार करून म्हणाले.

ह्यांनी निकाल दिला. "आठ दिवस दवाखाना, बाजार, देऊळ, सगळीकडे हीच न्यायची. रोजच्या वापराला जमली तर ठेवू. नाही जमली, तर दादाला होकार कळवतो."

म्हणजे माझं कल्याण त्या चार चाकांवर येऊन बसलं.

आता एक अडचण. जीप अमेरिकेची, त्यामुळे स्टिअरिंग डाव्या बाजूला. आणि वळताना मागच्यांना हात दाखवायचा तो उजव्या बाजूनं! ह्यांचा हात तिथवर पोचणार कसा?

"त्यात काय?" मिस्तरी म्हणाले. "बाजूला बसंल त्यानं हात दावायचा."

बाजूला मी!

त्याच संध्याकाळी आमची शिकवणी झाली. दोन पाट शेजारी मांडले, ह्यांनी स्टिअरिंग म्हणून परात धरली. उजवीकडे वळायचं, तर हात सरळ बाहेर. हळू व्हायचं, तर हात खालीवर. थांबायचं, तर पंजा वर. डावीकडे वळायचं, तर हात गोल फिरवायचा. मी माझ्या सोयीनं नावं ठेवली: वाढणं, थोपटणं, पुरे, आणि जातं. हे परात फिरवत ओरडायचे, "जातं!" की मी हवेत दळायला लागायचे. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "परात झाली असेल तर द्या," त्या म्हणाल्या, "कणीक मळायची आहे."

पहिल्या दिवशी आम्ही थाटात निघालो. घरापासून दवाखान्यापर्यंत वाटेत तीन देवळं. पहिलं देऊळ आलं तशी मी हात जोडले.

"हात बाहेर!" हे ओरडले.

आता देवाला नमस्कार नाही करायचा? मी तोड काढली. हात बाहेरच ठेवला आणि तिथूनच एका हातानं नमस्कार केला. पंजा वर कपाळाच्या उंचीला, मग खाली छातीपर्यंत. मागून हे कसं दिसत असेल, हा विचार मनात आलाच नाही. मागे बैलगाडी होती. गाडीवाला थांबला. त्याच्या मागे टांगा थांबला. टांग्यामागे तेलाचे डबे लादलेली हातगाडी थांबली. पुढे गर्दीत आमची जीपही अडली, तसा गाडीवाला उतरून पुढे आला.

"बाय, वलताव का नाय?"

"नाही हो, नमस्कार करतेय."

"आवो, मंग सांगाचा ना!" म्हणून त्यानंही कासरा सोडून देवाला हात जोडले. तो डोळे मिटून उभा होता तेवढ्यात त्याच्या बैलांनी आमच्या जीपमध्ये मागे ठेवलेली मेथी संपवली.

दुसऱ्या दिवशी मी देवांकडे पाहायचंच नाही असं ठरवलं. पण माणसांचं काय करणार? बाजारात समोर माझी मैत्रीण गोदू दिसली. "संध्याकाळी ये गं!" म्हणून मी हात हलवला. मागे सायकलवर दूधवाला होता. त्याला वाटलं, बाई म्हणतायत, "जा पुढे." तो गेला पुढे! समोरून टांगा आला, त्याला चुकवायला दूधवाला वळला, आणि दुधाच्या दोन्ही बरण्यांसकट कुंभाराच्या मांडलेल्या मडक्यांत शिरला. त्या दिवशी आम्ही सात मडकी विकत घेतली, त्यांतलं एकही पाणी भरण्याच्या स्थितीत नव्हतं. भर बाजारात ते ऐतिहासिक उद्गार ह्यांनी काढले ते तेव्हाच.

तिसऱ्या दिवशी माझी जागा सासूबाईंना मिळाली. "आईचा हात स्थिर आहे," हे म्हणाले. (मला टोमणा!) हात स्थिर होता हे खरं. पण सकाळची वेळ सासूबाईंच्या जपाची. त्यांनी हात बाहेर काढला तो गोमुखीसकट! जपमाळेची ती पिशवी हातात घालून त्या अख्ख्या रस्ताभर मणी ओढत बसल्या. मागून बघणाऱ्याला दिसायचं, की एक लाल पिशवी गोल गोल फिरते आहे, म्हणजे गाडी डावीकडे वळणार. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मागची वाहनं थांबायची आणि गाडी वळायची वाट बघायची. गाडी काही वळेना. एक टांगेवाला दवाखान्यापर्यंत मागे मागे आला.

"डाक्टर, आजी कवापासून डावीकडं चाललीत. पोचायची कवा?"

चौथ्या दिवशी मला परत बोलावणं आलं. मी ह्यांच्यासमोर उभी राहून शपथ घेतली: ना देव, ना माणूस, ना भाजीवाली, हात फक्त गाडीचा. आणि पाळली! मारुतीच्या देवळावरून मी दगडासारखी गेले. (मनात माफी मागितली.) गोदू दिसली तर मान फिरवली. तिनं पुढे दोन महिने अबोला धरला. पुणे टळणार असेल तर एक मैत्रीण गेली तरी चालेल, इतकी मी निष्ठुर झाले होते.

आठव्या दिवशी मिस्तरींना निर्णय सांगायला आम्ही ठाण्याला निघालो. हे खुशीत होते. कळव्याची खाडी ओलांडली, ठाण्यात शिरलो. काय माझे हात पडत होते! वाढणं, थोपटणं, जातं, सगळं परीक्षेतल्यासारखं. बाजारपेठेच्या नाक्यावर मी इतका रुबाबदार "पुरे" दाखवला, की पोलिसानं शिट्टी वाजवली आणि सरळ माझ्याकडे आला.

"बाई, लायसन."

"माझं?"

"मग कुणाचं? हात तुम्ही दाखवताय ना?"

"गाडी मी चालवतोय!" पलीकडून हे गरजले. पोलिसानं वाकून पाहिलं. ह्यांच्या हातातलं स्टिअरिंग पाहिलं, मग माझा हात पाहिला.

"साहेब, चालवत असाल तुम्ही," तो म्हणाला. "पण गाडी नेतायत त्या."

नाक्यावरची दहा-वीस माणसं हसली. मीही हसले, आणि तिथेच चुकले! ह्यांचा चेहरा तांबडालाल झाला. "बस्स. गाडी परत. आज रात्रीच दादाला पत्र टाकतो."

गॅरेज येईपर्यंत मी हात दाखवत राहिले. इतकी शपथ पाळून शेवटी एका हसण्यापायी माझं घर जाणार, या विचारानं मला रडू येत होतं. डोळे पुसायची सोय नव्हती, कारण हात बाहेर होता.

गॅरेजच्या दारात पास्कोल मिस्तरी धावतच आले. "डाक्टर, देवानं धाडलं तुमाला! माजी सून अडलीय. सुईन बोलते, डाक्टर बगा."

मिस्तरींचं घर मिठागरांच्या पलीकडे. मध्ये रस्ता असा नव्हताच, नुसते बांध आणि चिखल. ह्यांनी मिस्तरींना मागे बसवलं आणि जीप सरळ खाली उतरवली. काय सांगू! जी गाडी बाजारात मडक्यांत माणसं पाडत होती, ती त्या राडीत हरणासारखी धावली. चाकं रुतली, उसळली, पुन्हा निघाली. मी दोन्ही पाय रोवून बसले होते, आणि हात बाहेरच होता.

"अगं, हात आत घे!" हे म्हणाले. "मागे कोण आहे?"

मागे चार बगळे होते. तरी मी वळणावर जातं ओढलंच.

आम्ही पोचलो, आणि ह्यांच्या डॉक्टरकीत पहिल्यांदाच बाळ अजून यायचं होतं! तास-दीड तासानं मुलगी झाली. बाळाचं रडणं ऐकून मिस्तरींनी छातीवर क्रूस केला, मी कुठल्या देवाला केला आठवत नाही, पण मोकळेपणानं दोन्ही हातांनी नमस्कार केला. हे ओट्यावर येऊन बसले. समोर चिखलानं माखलेली जीप उभी होती. सायकलनं आलो असतो तर काय झालं असतं, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"मिस्तरी," हे म्हणाले, "जीप ठेवली."

मी पदरानं डोळे पुसले. आता हात रिकामा होता.

"पण," हे पुढे म्हणाले, "हिच्या हाताचं काहीतरी करा."

मिस्तरींनी आनंदाच्या भरात एक पत्र्याचा हात बनवून दिला. पाच बोटं, लाल रंग, दोरी ओढली की उजव्या बाजूला आडवा होणारा. ह्यांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडला. "हा कुणाला ओळखत नाही," हे कौतुकानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बाजारात दोरी ओढली. पत्र्याचा हात खाडकन आडवा झाला. मागे तोच बैलगाडीवाला होता. तो थांबला नाही, उलट खच्चून ओरडला, "डाक्टर, तो पतरा राहू द्या! बाय कुठं जाते त्या सांगा!"

अख्ख्या कल्याणला आठ दिवसांत माझा हात वाचता यायला लागला होता. नमस्कार म्हणजे गाडी सरळ, दळण म्हणजे डावीकडे. पत्र्याच्या हातावर कोणी विश्वासच ठेवेना! महिन्याभरात तो न्हाणीघरात पंचा वाळवायच्या कामाला लागला आणि मी पुन्हा जागेवर बसले.

पुणे टळलं. जीप अकरा वर्षं टिकली. त्या अकरा वर्षांत उन्हानं माझा उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा झाला, तो अजून तसाच आहे. जाऊबाई एकदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "इकडे आली असतीस तर असा झाला नसता हो." मी मीठ माझ्या अंदाजानं घातलेली आमटी त्यांना वाढली.

सवय मात्र गेलेली नाही. परवा स्वयंपाकघरातून देवघराकडे वळले, तर मागून सून उकळत्या आमटीचं पातेलं घेऊन येत होती. माझा हात वर गेला तशी ती जागच्या जागी थांबली.

"आई, वळताय का?"

"नाही गं," मी म्हटलं, "नमस्कार करतेय."