मागच्या खोल्यांबद्दल आमचं मत

चार आया एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. शिरूरच्या आमच्या बिल्डिंगचा ग्रुप मुळात टँकर कधी येणार हे कळवायला होता. मग पार्किंगमधली पाण्याची मोटर चोरीला गेली आणि एकच विषय उरला: मागच्या पत्र्याच्या खोल्या. तिथं एमआयडीसीत कामाला जाणारी बिहारची कुटुंबं राहतात. त्यांच्यातलीच पुष्पा माझ्या मुलीला सांभाळते. ह्या लोकांना तिथून हलवायचं, असं ग्रुपवर ठरत आलेलं. मी मुळात घाबरट. ग्रुपवर फक्त अंगठा देते.

*

एका सकाळी ग्रुपवर फोटो आला. तोंडाला रुमाल बांधलेला माणूस बिल्डिंगखालच्या पोरांच्या झोपाळ्यापाशी उभा.

"परप्रांतीय वाटतोय."

"नजर बघा त्याची. लहान पोरांवरच हाय."

मी आतून दुसरी कडी लावली, मग फोटो मोठा करून पाहिला. नाइट शिफ्टवरून आलेला माझा नवरा मुलीची राहिलेली चप्पल शोधत होता. मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. त्यानंच आत आल्यावर सगळं वाचलं आणि विचारलं, "नजर म्हंजी नक्की कशी हाय गं माझी?"

*

आमच्या अॅडमिन काकूंचं चोरांविषयीचं मत ठाम. "कोर्टबिर्ट कशाला? चौकात उलटं टांगायचं."

मग त्यांचा वरवंडचा भाचा दौंड स्टेशनात कुणाचा तरी मोबाइल उचलताना सापडला. काकूंचा मेसेज आला: "आत टाकून पोरगं सुधरतंय व्हय? एक संधी द्यावी माणसाला."

आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मीही.

कुणीतरी भीतभीत विचारलं, "मग आपली मोटर?"

"ती मागच्यांनीच नेली."

*

काकूंचा मुलगा कॅनडात असतो. आता तिथल्या लोकांना बाहेरचे नकोसे झालेत. त्याला कुणी खोली देईना. काकू जिन्यात बसून रडल्या. "कष्ट करून खातंय माझं लेकरू. कुणाचं काय घेतलंय त्यानं?"

पुष्पाचं नाव माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

पाणी पिऊन, डोळे पुसून काकू म्हणाल्या, "आज पोल टाकून देते त्या खोल्यांचा."

*

खोल्यांचा मालक आमच्याच बिल्डिंगमधला. तो म्हणाला, ग्रुपचं बहुमत असेल तर महिन्याभरात खाली करून घेतो. पोल आला: 'मागच्या खोल्या रिकाम्या कराव्यात का? हो / नाही'. कुणी काय दाबलं ते नाव-फोटोसकट दिसतं. 'नाही'खाली एकही नाव नव्हतं. मुलगी मांडीवर, उद्या तिच्यासकट ह्याच जिन्यातून उतरायचंय, असं मनाला सांगत मी 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी पुष्पा आली, हात धुतले, मुलीला कडेवर घेतलं. कामाच्या बायांना सुट्टी कळवता यावी म्हणून काकूंनीच कधीतरी तिला ग्रुपमध्ये घेतलं होतं, हे आम्ही सगळ्या साफ विसरलो होतो. तिला वाचता येत नाही.

ती म्हणाली, "दीदी, कल ग्रुप में सब लोग ऊपरवाला दबा रहे थे, आपका भी फोटो दिखा. तो हम भी दबा दिए. किस बात का था?"