हेंकला कोण सांगणार

प्रल्हाद काकांना परत जायचं नाहीये. आधी हेच सांगते, कारण इथल्या मराठी मंडळातले सगळे म्हणतायत, "बरंच झालं की, आता आईजवळ राहता येईल." काहीही बरं झालेलं नाहीये! मी त्यांच्या अमेरिकेतल्या, श्रूजबरीच्या घरात बेसमेंटमध्ये भाड्याने राहते, म्हणून मला माहितीये. त्यांना जायचं नाहीये आणि बहुतेक जावं लागणार आहे.

काका नागपूरचे, शैलजा काकू पुण्याच्या. त्यांचा मुलगा ईशान हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, त्याला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. ग्रीन कार्डच्या रांगेत हे लोक इतकी वर्षं उभे आहेत की आता त्याबद्दल कोणी बोलतसुद्धा नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा.

नोकरी म्हणजे ट्रेनच्या ब्रेकचे पार्ट. कंपनी इथली, पण पार्ट जातात ब्रिटनला. आता ब्रेक सेफ आहे असं कंपनीने स्वतःच म्हणून कसं चालेल? बाहेरचा तपासनीस लागतो. तो टेस्ट बघतो आणि सर्टिफिकेट देतो. काकांचा तपासनीस म्हणजे हेंक. नेदरलँड्सचा, ताडमाड उंच, म्हातारा. एकदा श्रूजबरीला येऊन काकांच्या हातच्या सांबारवड्या, म्हणजे नागपूरकडच्या कोथिंबीर भरून तळलेल्या वड्या, खाऊन गेला, तेव्हापासून दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल. बायको गेल्यावर त्याने एकदा कॉलवरच सांबारवडी करून दाखवली. सगळं सारण तेलात!

"अबे हेंक, ती वडी नाही, तो अपघात आहे," काका इंग्लिशमध्ये म्हणाले, आणि तो म्हातारा किती दिवसांनी हसला म्हणे.

मग ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं. रेल्वे सेफ्टीचे नियम होते युनियनचे, ते ब्रिटनने हळूहळू आपले करून घेतले. त्यात एक बदल असा की तपासनीस ब्रिटनने मान्य केलेलाच हवा. थोडा काळ सवलत होती, तीही संपली. हेंकला मान्यता युनियनची, म्हणजे ब्रिटनसाठी त्याच्या सर्टिफिकेटचा उपयोग शून्य. काकांना हे माहीत होतं, यार! ऑफिसात नव्या नियमांचं ट्रेनिंग काकांनीच दिलं होतं.

आणि तरी नवा ब्रेक आला तेव्हा त्यांनी तो हेंककडेच पाठवला.

"अहो, त्याचं चालत नाही ना आता?" काकूंनी तेव्हाच विचारलं होतं.

"त्याला कोण सांगणार? इतक्या वर्षांचा माणूस. बायको गेली, काम तेवढं उरलंय. तू आता नको, असं तोंडावर म्हणू?"

"मग सर्टिफिकेट?"

"हेंकचं काम चोख असते. ब्रिटिश माणूस वरून एक नजर टाकेल, संपलं."

ब्रिटिश माणसाने नजर टाकली आणि म्हणाला, या टेस्ट मला चालणार नाहीत, सगळ्या पहिल्यापासून करा. त्यात डिलिव्हरी लटकली, गिऱ्हाइकाने ऑर्डर कॅन्सल केली, आणि कंपनीने काकांची टीमच बंद करून टाकली.

मंगळवारी सकाळी काका किचन टेबलवर लॅपटॉप उघडून बसले होते, काकू पोहे परतत होत्या, मी चहासाठी वर आले होते. स्क्रीनवर कंपनीची एक गोड हसणारी बाई आली. थँक यू म्हणाली, लॅपटॉप कुरियरने परत पाठवा म्हणाली, गेली. पोहेसुद्धा झाले नव्हते तेवढ्यात.

काका स्क्रीनकडे बघतच राहिले. "एवढं सोपं असते का बे हे सांगणं?"

काकूंनी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून रडल्या. मला काय करावं सुचेना, मी वेड्यासारखे पोहे वाढले. कोणीच खाल्ले नाहीत.

त्या दिवसापासून काका अर्ज करतायत. फ्रिस्को, शॉमबर्ग, कुठेही. कुठूनच काही नाही. लोकांना सांगतात, आईची तब्येत बरी नसते, जावंच लागेल. आई ठणठणीत आहे!

शेवटी काकू म्हणाल्या, "हेंकला विचारा. जगभर ओळखी आहेत त्याच्या. पण खरं सांगून विचारा, नोकरी का गेली ते."

"विचारतो."

"आज?"

"हो, आज."

शुक्रवार होता. मी, काकू आणि ईशान कॅमेऱ्यात दिसणार नाही असे भिंतीला टेकून उभे. हेंक आला, नवीन स्वेटर घालून. काकांनी घसा साफ केला. "हेंक, एक सांगायचं होतं."

"आधी माझं ऐक," हेंक म्हणाला. "बाकीच्यांनी मला काम देणं बंद केलंय. कोणी कारणसुद्धा सांगत नाही. तू एकटा राहिलास. पुढचा पार्ट कधी पाठवतोयस?"

मी काकूंचा हात धरला. काकू ओठ हलवत होत्या, सांगा, सांगा, सांगा. मला ओरडावंसं वाटत होतं.

काका हसले. खरंच हसले.

"पाठवतो. जरा वेळ लागेल, पण पाठवतो."

कॉल संपला. ईशान म्हणाला, "डॅड, यू डोन्ट हॅव अ जॉब."

"माहिती आहे रे," काका म्हणाले, आणि लॅपटॉप बंद केला. तो ईशानचा होता. कंपनीचा परत गेला होता.

काकूंनी हॉलच्या कपाटातून मोठी बॅग ओढून काढली आणि तिची चेन चालते का बघत बसल्या.