उजव्या हाताची गळती

फोर्ट विल्यमला पोस्टिंग मिळाली तेव्हा गावाकडे सगळ्यांना वाटलं, आता नायब सुभेदार साहेब पंख्याखाली बसणार. मी बसलो ते हुगळीच्या चिखलात. आमची इंजिनिअर पाणबुड्यांची टीम छोटी होती. नदीत कोणी बुडालं आणि हाती लागलं नाही, की प्रशासन आम्हाला बोलवायचं.

लोक हुगळीत श्रद्धेने डुबकी मारतात. आम्ही तळाशी जायचो. तिथे शहराची सगळी घाण साचलेली असते, म्हणून ड्रायसूट घालायचा. हा पोशाख अंगाला पाण्याचा थेंब लागू देत नाही. बाहीच्या टोकाला एक कडक रिंग, ग्लव्हच्या तोंडाला दुसरी. दोन्ही एकमेकींत दाबून बसवायच्या, मधे रबराची बारीक ओ-रिंग. घरच्या कुकरचं गॅस्केट आठवा. तिथे भाताचं शीत अडकलं तर वाफ बाहेर जाते, इथे केस अडकला तर पाणी आत येतं.

त्या आषाढात गार्डन रीचच्या खालच्या अंगाला एक लाँच बुडाली. बाकीचे लोक पोहून निघाले. सारंग, म्हणजे लाँच चालवणारा, सापडत नव्हता. त्याची बायको घाटावर उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती.

पाण्यात उतरत होता नायक तपन. बेहालाचा पोरगा, घर हाकेच्या अंतरावर, म्हणून आम्ही त्याला घरजावई म्हणायचो. मी केलेल्या पोह्यांवर तो वरून साखर घालायचा. मला ते बघवायचं नाही.

पहिल्या दिवशी तो वर आला आणि म्हणाला, "साहब, राइट ग्लव गीला है।"

दुपारभर आम्ही गळती शोधली. ग्लव्हमध्ये पाणी भरून टांगला, एक थेंब गळला नाही. ओ-रिंग काढून खाच पुसली, नवी रिंग सिलिकॉन लावून बसवली. आतल्या सुती हातमोज्याची कड रिंगेत येत नाही ना, ते पाहिलं. मग मी स्वतः बाहीत हात घातला, सूटमध्ये हवा भरली आणि दाढीच्या ब्रशने जोडावर साबणाचं पाणी फिरवलं. गळती असती तर बुडबुडा आला असता. आला नाही. सूट पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपन पुन्हा खाली गेला. त्याचा दोर माझ्या हातात होता, कानाला हेडसेट.

"साहब, फिर गीला।"

"ऊपर आओ।"

"साहब, आदमी मिल गया। पैर फँसा है।"

"तपन, ऊपर आओ।"

"बस, निकाल रहा हूँ।"

त्याला ओढलं असतं तर दोर लाँचच्या पत्र्यात अडकला असता. हुकूम माझा, दोर माझ्या हातात, आणि खाली जे चाललं होतं त्यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. तपन सारंगाला घेऊनच वर आला. घाटावर ती बाई खाली बसली.

मी त्याचा ग्लव्ह काढला. काळं पाणी ओघळलं. ओ-रिंगवर आडवं एक लाल सुताचं टोक दबलेलं होतं. बाहीतून ओढलं तर ते मनगटावर बांधलेल्या ताग्याचं, म्हणजे पूजेच्या दोऱ्याचं, निघालं. आषाढात विपत्तारिणीची पूजा करून बंगाली बायका घरच्यांच्या हाताला दूर्वा गुंफलेला लाल दोरा बांधतात, संकट टळावं म्हणून. सुती दोरा तो, वातीसारखा पाणी आत ओढत होता. साबणाच्या पाण्याने कितीही शोधलं असतं तरी काय सापडणार होतं? बाहीत हात माझा होता.

"ये कब से?"

"माँ ने बाँधा है, साहब। चेकिंग के टाइम ऊपर सरका देता था। आप उतारने को बोलते, तो मना कैसे करता?"

आमच्याकडे जवानाच्या देवाधर्माला कोणी हात लावत नाही. पण मनगट मोकळं हवं, हाही हुकूमच. दोन्हींचा मान राहावा म्हणून बिचारा दोरा कोपराकडे सरकवायचा, आणि काम करताना तो घसरून खाली यायचा. मला राग आला, पण काढायचा कोणावर?

त्याच्या नखाशेजारी एक चीर होती. अशी चीर आपण घरी बघतही नाही. ताबडतोब धुतली, औषध लावलं, डॉक्टरांना दाखवली. तरी ताप आला, मग हात सुजला. विष रक्तात गेलंय, डॉक्टर म्हणाले. पाण्याखाली दम धरणारा गडी कॉटवर धापा टाकत होता आणि मी बाहेरच्या बाकावर नुसता बसून होतो. तपन वाचला नाही.

त्याच्या आईला मी माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिने एकच विचारलं.

"बाबा, सच बोलो. तागा खुला तो नेहीं था?"

"नहीं, माशीमा. आख़िर तक हाथ में था।"

तिने डोळे पुसले. "तो हाम से कोई भूल नेहीं हुआ।"

पाणी त्या दोऱ्यानेच आत ओढलं, हे मी तिला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

निवृत्तीनंतर मी इथेच, सॉल्ट लेकमध्ये राहिलो. दर आषाढात माशीमा बेहालाहून दोन बस बदलून येते. मी पाण्यात उतरत नाही, हे तिला माहीत आहे. तरी लाल दोरा घेऊन येते, आणि मी उजवा हात पुढे करतो. गाठ मारून झाली की दोऱ्याची टोकं लांब उरतात. ती मी कात्रीने अगदी गाठीपाशी कापतो. ती विचारते, "इतना छोटा क्यों, बाबा?"

तपनच्या आईला मी सांगतो, जेवताना भाजीत बुडतात.