मामांची खोटी रेसगाडी

आमचे मामा दातांचे डॉक्टर. कॉलेजात असताना एका रेसगाडीवर त्यांचं मन बसलं आणि मामीशी लग्न झाल्यावरही ते तिथून उठलं नाही. तशा गाड्या जगात मोजक्याच. त्यामुळे एक विकायला आहे असं कळताच मामा दवाखाना बंद करून मामीसह विक्रेत्याच्या गॅरेजात हजर झाले.

मामांनी खिशातून लोहचुंबक काढून दारावर लावलं. ते चिकटेना, म्हणजे रंगाखाली पुट्टीचा जाड थर होता. मग दात बघायचा छोटा आरसा इंजिनामागे सरकवून त्यांनी चासी नंबर वाचला. रेसगाडीचा नंबर ज्या अक्षराने सुरू होतो, ते अक्षरच तिथे नव्हतं. कुणीतरी साध्या मॉडेलला नटवून रेसगाडी केलं होतं.

"खोटी आहे गं," मामा मामीच्या कानात पुटपुटले. चेहरा इतका पडलेला, की जणू त्यांचाच दात कुणी उपटला असावा.

"मग चला घरी."

"एकदा सुरू तर करून बघू?"

इंजिन घुमलं. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. मामीने त्यांच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि विक्रेत्याला म्हणाली, "गाडी साधी आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. आता साध्या गाडीची किंमत बोला."

विक्रेत्याने जीभ चावली. गाडी घरी आली.

हल्ली सिग्नलला कुणी कौतुकाने पाहिलं, की मामा काच खाली करून सांगतात, "खरी नाही हो ही!"

शेजारी मामी कपाळावर हात मारते. "अहो, त्यांनी विचारलंय का?"