प्यायच्या एक तास आधी

वीस वर्षं मी दारू प्यायलो, पण ठरवून एकदाही नाही. कुणीतरी भेटायचं, कुणाची बदली व्हायची, कुणाची रद्द व्हायची. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क. तिथं या गोष्टींचा कधी तुटवडा नसतो. सात रस्ता चौकाच्या पलीकडच्या परमिट रूममध्ये आमचं टेबल ठरलेलं होतं, वेटरला माझा ब्रँड पाठ होता, तरी जाणं मात्र दर वेळी अचानकच व्हायचं.

गेल्या वर्षी लिव्हरचा रिपोर्ट बिघडला आणि बायको मला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. मी आधीच सांगून टाकलं, "मॅडम, पूर्ण सोडणं जमणार नाही."

"मग कमी करू, काका," ती म्हणाली. "ही गोळी रोज घ्यायची नाही. ज्या दिवशी पिणार, त्या दिवशी एक तास आधी घ्यायची. गोळी न घेता प्यायचं नाही."

"उलट्या होतात का?"

"नाही, त्या गोळ्या वेगळ्या. हिच्यानं पिण्यातली मजा कमी होते."

घरी दुधनीहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे डॉक्टरनंच प्यायला सांगितलंय की."

"व्हय," बायको म्हणाली, "पण आधी अर्ज करून."

दोनच दिवसांनी, कचेरी सुटताना जेऊरचा सहकारी टेबलाशी येऊन उभा राहिला. "सायेब, चला की. सहज."

"तू हो पुढं. मला तासभर लागंल."

"का? मुहूर्त हाय व्हय?"

मी घरी आलो. बायको मेथी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पिणार आहात?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बघू."

"बघूवर गोळी मिळत नाही. हो का नाही ते सांगा."

तीस वर्षं मी फायलींवर 'विचाराधीन' असा शेरा मारत आलोय. तो शेरा इथं चालेना. तिनं भांडावं असं फार वाटलं. भांडली असती तर त्या रागात निघता आलं असतं. शेवटी "हो" म्हणालो. तिनं गोळी दिली, पाणी दिलं आणि घड्याळ बघितलं. पुढचा तासभर मी गळका नळ दुरुस्त करत बसलो.

पहिला पेग नुसताच कडू लागला. दुसरा समोर तसाच राहिला. जेऊरकर आपल्या बदलीची कहाणी सांगत होता. त्याच्यावर केवढा अन्याय झाला, हे मी अकरा वर्षं मान हलवून ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कहाणी शेवटपर्यंत ऐकली, तेव्हा कळलं की बदलीचा अर्ज त्यानं स्वतःच केला होता. मी तसं म्हणालो.

"सायेब, तुमची तब्येत लई बरी दिसत न्हाय."

पुढं कितीदा तरी बायकोच्या प्रश्नाला "हो" म्हणायचं जिवावर यायचं. मग मी चहा मागून घरीच बसायचो. मध्ये एकदा करकंबला लग्नाला गेलो आणि गोळी घरी राहिली. तिथं पूर्वीसारखाच प्यायलो, परतीच्या गाडीत पाहुण्यांना उपदेशही केला. डॉक्टरला सांगितलं. ती रागावली नाही, तिनं फक्त विचारलं, "निघताना माहीत होतं का, तिथं पिणं होणार म्हणून?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण शेजारी बायको बसली होती. "माहीत होतं," मी म्हणालो. डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

आता आठवड्यातून एखादा दिवस पिण्याचा होतो, तोही दोन पेगांच्या वर जात नाही. रिपोर्ट सुधारलाय. मोकळ्या संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न मात्र राहिलाच. सध्या बायकोबरोबर मंडईत जातो. माझी भाजी निवडायची पद्धत तिला अजिबात पसंत नाही.