चिमाआत्याच्या वजनाखालचा सांधा

माझ्या सख्ख्या आत्याने मला फसवले, आणि तेही बसल्या जागी!

हे मी रागाने म्हणत नाही. (रागानेच म्हणतो आहे, पण मांडवीजवळच्या माझ्या लाकडाच्या वखारीत विचारा, मी उगाच रागावत नाही असेच सगळे सांगतील. माझेच नोकर आहेत ते.) एका फळीवरून अख्खी वखार उभी केलेला माणूस मी! घासाघिशीत मला हरवणारा व्यापारी बडोद्यात नव्हता. आत्या व्यापारी नव्हती, तिथेच घात झाला.

त्या वर्षी आमच्या तालमीच्या वस्तादांना नवी धनुष्ये हवी होती. ते म्हणाले, "दामोदरपंत, नमुना एक आणा. दसऱ्याला चारचौघांत ओढून बघतो. टिकलं तर तालमीची सगळी धनुष्यं तुमची. मोडलं तर छगनभाईंची."

छगनभाई म्हणजे समोरच्या वखारीचा मालक. त्याचे नाव निघाले की डोक्यावरची पगडी आपोआप तापते!

लाकूड माझ्याकडे होते. छाणीकडची तुती! चिवट, सरळ रेषेची, पातळ पट्ट्या काढाव्यात तर पापडासारख्या. अशा पट्ट्या एकावर एक चिकटवून, पाठीला बांबू लावून धनुष्य करायचे. अडचण एकच, पट्ट्या निघाल्या आखूड. म्हणजे दोन जोडून एक करणे आले. सरळ कापून टोकाला टोक लावले तर पहिल्याच ओढीला राम म्हणणार. तेव्हा दोन्ही टोके तिरपी, लांब उताराची तासायची. त्यातली युक्ती अशी, की पट्ट्या एकीवर एक ठेवायच्या, वरची जरा मागे सरकवायची आणि दोन्हींवरून एकदमच रंधा मारायचा. दोघींचा उतार एक! टोक असे निघते, की त्यातून पलीकडची बायको दिसावी.

मी तासले. उतारावर उतार ठेवून उजेडाकडे धरले. एक किरण पलीकडून येईल तर शपथ! मी एकटाच ओरडलो, "वाहवा!"

आता सरस लावून दाबून ठेवायचे. सुताराचा शिकंजा मिळत होता, पण त्याने भाडे सांगितले. भाडे? मला? मी तडक घरी आलो. ओसरीवर चिमाआत्या पान जमवत बसली होती. आमच्या घरात त्याहून भारदस्त वस्तू नव्हती.

"आत्या, जरा बसशील?"

"बसलेच आहे की, दाम्या."

"तशी नाही. या पाटावर. दिवेलागणीपर्यंत. हलायचं नाही."

आत्याने अडकित्ता खाली ठेवला. "काशीला नेशील?"

"काशी? नुसत्या बसण्याचं मोल?"

"मग द्वारका."

"आत्या, गावातल्या गावात बोल."

शेवटी मी तिला जवळच्या डाकोरच्या यात्रेवर आणली! काशीवरून डाकोर! त्या दिवशी मी स्वतःलाच विडा दिला.

आतल्या खोलीत खाली पाट, त्यावर सरस लावलेला सांधा, वर दुसरा पाट, त्यावर आत्या. तिरपे सांधे दाबले की घसरतात, म्हणून पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना विटा. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, कसला हा वास!" मी म्हणालो, "यशाचा!" आणि कामासाठी बाहेर पडलो.

संध्याकाळी आलो. आत्या जागच्या जागी, चेहऱ्यावर डाकोरचे पुण्य. सांधा गच्च बसलेला! फक्त कडेला एक बारीक हिरवी रेघ होती. मी ओळखली. जातिवंत तुतीची शीर!

पुढे त्या पट्टीवर पट्ट्या चढवल्या, बांबू लावला, धनुष्य सजले. दसऱ्याला सगळी पेठ तालमीत. मी धनुष्य वस्तादांच्या हातात दिले. "ही हिरवी शीर बघा वस्ताद. ऐऱ्यागैऱ्या लाकडात सापडत नाही!"

वस्तादांनी बोट फिरवले. "फारच मऊ शीर आहे."

"तेच तर!"

त्यांनी प्रत्यंचा कानापर्यंत ओढली. मी छगनभाईकडे बघून हसलो. तेवढ्यात "काड्!" धनुष्याचे दोन तुकडे झाले, आणि एका तुकड्याच्या टोकाला लुगड्याचा हिरवा काठ, जरीसकट, निशाणासारखा फडफडू लागला.

 मग छगनभाईचा आवाज आला, "दामूशेठ, कापडनो धंधो क्यारे शरू कर्यो?"

हसता हसता एक पैलवान हौदात पडला!

मी तुकडा घेऊन घरी. "आत्या! हे काय?"

"अगंबाई, सापडला!" आत्या बायकोला म्हणाली. "मी म्हणत होते ना, सांध्यातच गेला असेल!"

मग सगळा प्रकार बाहेर आला. मी गेल्यावर थोड्याच वेळात रस्त्यावर महाराजांची स्वारी आली. हत्ती, अंबारी, चौघडा! आत्या उठली, तर बाहेर आलेल्या सरसाने तिचा काठ धरून ठेवलेला. मग पट्टी ओढत ती खिडकीशी! सांधा उघडला, काठ आत गेला, तिने अडकित्त्याने लुगडे कापले आणि स्वारी गेल्यावर सगळे पायाने जुळवून पुन्हा वर बसली.

"तू शब्द दिला होतास!"

"दाम्या, सरकारची स्वारी जाते आणि मी पाटावर बसून राहू? प्रजा आहे मी! आणि हे लुगडं नवं घेऊन दे. डाकोरला काय नेसू?"

"डाकोर? अजून डाकोर?"

"मी दिवेलागणीपर्यंत बसले की नाही? मध्ये उठू नको असं ठरलं नव्हतं."

"हलायचं नाही म्हणालो होतो!"

"हलले कुठे? चालत गेले."

मी पगडी आपटली. तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "अहो, आत्याबाईंनी तुम्हालाही हाक मारली होती खिडकीतून. तुम्ही हत्तीच्या अगदी पुढे, टाचा वर करून उभे होतात."

आता मला सांगा, याचा जबाब कोणी द्यायचा? आत्या म्हणते हत्तीने. बायको म्हणते मी. छगनभाई आजही तालमीला धनुष्ये विकतो आणि मला पाहिले की कापडाचा भाव विचारतो. डाकोर मी करून आणले, लुगडे मी घेतले, दुकानदाराने हिरव्याखेरीज दुसरे दाखवले नाही! कोणीतरी समोर यावे आणि जबाब द्यावा. मी का द्यावा? मी त्या दिवशी कामातच होतो. अंबारीचे लाकूड कोणते, ते बघत होतो!