कड्यावरच्या झाडाला उसाची आळवणी

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला एकच दुखणं कळतं: पाणी कमी पडलं. म्हैस आटली, पोर रोडावलं, सून गप्प झाली, काहीही असो; सोडा पाणी, टाका खत. माझं माहेर म्हसवडचं. पाण्याचा तोरा मिरवायला आमच्याकडं पाणीच नव्हतं, म्हणून कुंडलच्या सासरच्या या शहाणपणाचा मला पहिल्यापासून राग येतो. पण मागच्या वर्षी त्यांनी जे केलं त्याला तोड नाही.

थोरले भावजी नोकरीला देवगडकडं होते, तिथलीच बायको त्यांनी करून आणली. जाऊबाईंच्या माहेराजवळ समुद्रावर उंच कडा होता. त्याच्या भेगांत एक झुडूप यायचं. बुटकं, जाड पानांचं, वाऱ्यानं वाकलेलं. पलीकडच्या गावातसुद्धा ते कुणाला ठाऊक नसायचं. नवरात्राच्या सुमाराला त्याला पांढरी फुलं यायची, आतून जांभळट. त्यांच्या आईच्या घरी घटाची पहिली माळ या फुलांची. मग कुणा पैसेवाल्यानं तिथं बंगले काढले आणि समुद्र नीट दिसावा म्हणून झुडपांसकट कडा तासला. जाऊबाईंनी आधीच एक रोप आणलं होतं, तेवढं वाचलं. त्यांची आई आता अंथरुणाला खिळलेली. यंदा लेकीच्या घटाला तरी त्या झाडाची माळ हवी, एवढंच ती फोनवर मागायची.

रोप गच्चीवर फुटक्या घमेल्यात, जांभ्याच्या खड्यांत होतं. माती नावाला. गणपतीला माहेरी निघताना जाऊबाईंनी सगळ्यांना बजावलं, "पाणी घालू नका. जागचं हलवू नका. कळ्या धरल्यात."

आमचे सासरे तोंडावर "व्हय व्हय" म्हणाले. एसटी वळणावर गेली न गेली तोच घमेलं खाली!

"मामंजी, त्या नको म्हणाल्यात," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय गं, म्हसवडची तू! बघ की, कसं वाळून चाललंय. ही काळी माती हाय. हितं काठी रवली तरी फुटती."

मग काय विचारता! उसाच्या सरीत खड्डा काढला, ड्रिपची नळी सोडली, युरिया टाकला, बुंध्याला मातीची भर लावली आणि वर आळवणी. मुळाशी खताचं पाणी ओतायचं त्याला इकडं आळवणी म्हणतात, आणि ती केली की पुण्य लागतं अशी यांची समजूत. मी नळी बाजूला काढली, तर संध्याकाळी परत लावलेली. पानं तरारली. मामंजींनी फोटो काढून ऊसवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग. "लय भारी, आबा!" एकानं तर टॉनिकही सुचवलं. कपाळ माझं! कळ्या कधीच गळाल्या होत्या, पण कळ्या बघतो कोण? हिरवा पाला दिसला की बैलासारखे हे खूष.

जाऊबाई परतल्या तोवर पानं पिवळी पडून खोड मऊ झालं होतं. त्यांनी हलकेच ओढलं तर झाड हातात आलं. मुळं काळी, कुजलेली. त्या तिथंच सरीत बसल्या आणि चिखलाच्या हातांनी तोंड झाकून रडल्या. मला असा संताप आला की ड्रिपची सगळी नळी ओढून विहिरीत टाकावी. मामंजी आपले पुटपुटतायत, "आजून येक डोस बसला आसता तर..." धन्य आहे!

घट बसायच्या आदल्या दिवशी त्या ग्रुपातले पाव्हणे चहाला आले. "आबा, फोटूतलं झाड कुठं हाय?"

"गेलं. कोकणातलं वाण. हिकडची हवा मानवत न्हाई त्यास्नी," मामंजी बिनदिक्कत म्हणाले.

जाऊबाई चहा देत होत्या. या घरात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही.

"हवा मानवली होती, मामंजी. मला मानवली तशी त्यालाही मानवली होती. आता उद्या माळ कसली घालायची, ते माझ्या आईला तुम्हीच सांगा."

त्यांनी फोन लावला आणि मोबाईल मामंजींच्या हातात दिला. पलीकडून म्हातारीचा थकलेला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "फुलां इली काय गो?"

अख्ख्या गावाला सल्ले वाटणारे मामंजी फोन परत द्यायला लागले, जाऊबाईंनी तो घेतला नाही. म्हातारीनं पुन्हा विचारलं.